सपाट स्पीकरचे घरगुती अवमंदन

१९५७ साली इंग्लंडच्या 'क्वाड' कंपनीने बाजारात आणलेला स्थिरविद्युत स्पीकर, म्हणजे कागदी शंकूऐवजी ताणलेल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यातून आवाज काढणारा सपाट स्पीकर, समोर जितका गातो तितकाच पाठीमागेही गातो. म्हणून त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये निदान तीन फूट मोकळी जागा असावी, असा जाणकारांचा आग्रह असतो. बोरिवली-मुलुंडच्या वन बीएचकेत तेवढ्या जागेत लोखंडी कपाट, देव्हारा आणि प्रसंगी गावाकडचा पाहुणाही मावत असल्याने, तेथील श्रवणभक्त अवमंदनाचा, म्हणजे नको असलेले कंपन शोषून घेण्याचा, घरगुती मार्ग पत्करतो आणि पडद्यामागच्या जाळीवर, तिच्या आत काही हजार व्होल्ट नांदत असतात याची पर्वा न करता, नमदा चिकटवतो. (गादीवाल्याकडचा कापूसही चालतो, फक्त जुलैत तो ओल धरतो.) याने मागचा आवाज खरोखरच दबतो, हे नाकारता येत नाही, मात्र नमदा जाड झाला की आवाजाचा खुलेपणाही जातो, आणि त्यालाच 'उबदारपणा' म्हणण्याची सोय आहे. आवाज दाबण्याचे काम कायदाही करतो: निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालणारे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. घाटकोपरच्या छपरांवरून उतरणाऱ्या विमानांना मात्र अद्याप कोणी नमदा लावलेला नाही.