आईची चिठ्ठी

जर्मनीत 16 वर्षांच्या पोराला दुकानातून बिअर विकत घेता येते. पण 18 पूर्ण होईपर्यंत रात्री 12 नंतर क्लबात नाचगाण्याला पालकाशिवाय थांबता येत नाही. आता 12 नंतर कुठल्याही देशातल्या पालकाला झोप येते. म्हणून तोडगा असा, की आईवडिलांनी एका कागदावर लिहून द्यायचं : आजच्या रात्रीपुरती आमच्या लेकराची जबाबदारी अमुक एका सज्ञान माणसावर. कायद्यात या प्रकाराला लांबलचक नाव आहे. पोरं त्याला 'मुट्टीत्सेटल' म्हणतात. मुट्टी म्हणजे आई, त्सेटल म्हणजे चिठ्ठी.

हॅम्बुर्गला बहिणीकडे मी तीन आठवडे आराम करायला गेलो होतो. चौथ्या दिवशी त्या चिठ्ठीवर माझं नाव लागलं.

चूक माझीच. भाचा 17 वर्षांचा, एका रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवतो. बँडला दोन ठिकाणी बोलावणं आलं होतं आणि मेव्हण्यांचं म्हणणं, की आधी अभ्यास. जेवता जेवता मी उगाच मोठेपणा केला. म्हटलं, "अहो, बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा जेमतेम 17 चेच होते!" भाच्याने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. बहिणीने नुसतंच पाहिलं.

"मग दादा, तूच जा त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "नाहीतरी नुसता बसलायस."

दौरा शुक्रवारी ब्रेमेन आणि शनिवारी परत हॅम्बुर्ग, असा दोन गावांचा. आमच्याकडे दोन गावांना जाऊन येण्याला वसुली म्हणतात, दौरा नव्हे. पण हे मी मनात ठेवलं. बहिणीने दशम्या, चटणी आणि चिवड्याचा डबा बांधून दिला.

बँडमधली बाकीची तीन पोरं जर्मन, विशीच्या पुढची. भाच्याने ओळख करून दिली, "हा माझा मामा." त्यांना वाटलं, मामा हे आडनाव. तेव्हापासून दोन दिवस मी 'हेर मामा' होतो. जर्मनमध्ये 'श्रीयुत'ला हेर म्हणतात. आईने मुलाच्या मागावर पाठवलेल्या माणसाला इतकं नेमकं संबोधन मराठीलाही सुचलं नसतं.

व्हॅन नऊ आसनांची. तिथे मोटारीच्या साध्या लायसनवर एवढीच मोठी गाडी हाकता येते, म्हणून बहुतेक होतकरू बँडांचा संसार अशाच गाडीत असतो. ड्रमर चक्रधर होता. मागची आसनं काढून सामान भरायचं होतं. भाचा म्हणाला, "मामा, जरा फ्रिजला हात लाव."

मला बरं वाटलं. पोरं खाण्यापिण्याची सोय बरोबर घेऊन निघतात, शिस्तीची आहेत. दार कुठे आहे ते शोधत मी त्या काळ्या कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या. ते दहा दहा इंचांचे आठ स्पीकर बसवलेलं खोकं निघालं. वजन साठ किलोंच्या आसपास. वाजवणारे त्याला फ्रिजच म्हणतात. उचलताना माझ्या कमरेतून जो आवाज आला, तो दौऱ्यातला पहिला सूर.

तसं नाव चुकीचं नाही म्हणा. बास गिटारचं घरातल्या फ्रिजसारखंच असतं. चालू आहे तोवर कोणाचं लक्ष नसतं. बंद पडली की घरातलं काहीतरी गेलंय असं वाटतं.

ब्रेमेन शंभर-सव्वाशे किलोमीटर. वाटेत वाहनांची रांग लागली तशा दशम्या फिरल्या. गिटारवाल्याने लसणीची चटणी जाम समजून लावली आणि पुढचा अर्धा तास तो एका शब्दानेही बोलला नाही. गाणारा तोच होता, म्हणून जरा काळजी वाटली.

संध्याकाळपर्यंत वेळ होता, म्हणून पोरांनी मला गावातला मुख्य देव दाखवला. ब्रेमेनच्या टाउन हॉलच्या कडेला गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर आणि मांजरावर कोंबडा अशी ब्राँझची उतरंड आहे. गेरहार्ड मार्क्स या शिल्पकाराचं हे काम 1953 सालचं. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतली ही चौकडी. मालकांकडून जीव वाचवून पळालेले हे चौघं 'ब्रेमेनला जाऊन वादक होऊ' म्हणून निघतात, वाटेत चोरांचं घर दिसतं, चोरांना पळवून लावतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. म्हणजे ब्रेमेनला पोचतच नाहीत. कार्यक्रमाला न पोचलेल्या बँडचा पुतळा गावाने भर चौकात उभारला, हे मला फार आवडलं. आमच्याकडे आगाऊ रक्कम परत मागितली असती.

जवळच जमिनीत एक झाकण आहे. फटीत नाणं टाकलं की खालून एकेक प्राणी ओरडतो. मी टाकल्यावर गाढव ओरडलं. पैसे धर्मादाय कामाला जातात.

पुतळ्यातल्या गाढवाचे पुढचे पाय धरून इच्छा मागायची पद्धत आहे. लाखो हात लागून ते सोन्यासारखे झळकतात. मीही एक पाय धरला आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर पोरं पोट धरून हसत होती. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरायचे असतात म्हणे. एकच धरला, तर एका गाढवाने दुसऱ्याशी हस्तांदोलन केलं असं ब्रेमेनकर समजतात. ही माहिती आधी सांगायची नाही, अशीही पद्धत असावी.

कार्यक्रमाबद्दल काय सांगू? कानात पिवळे बोळे घालून मी मागच्या भिंतीला टेकलो होतो, आणि ती भिंतच वाजत होती. आपल्याकडच्या 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग'ची जागा तिथे ध्वनीवाल्याने घेतलेली; तो ड्रमचं एकेक भांडं पाच पाच मिनिटं बडवून घेतो. पोरं मात्र जीव ओतून वाजवत होती. भाच्याकडे कोणी बघत नव्हतं, तो मान खाली घालून आपल्या चार तारा राखत होता. मला एकदम आमच्या गणेशोत्सवातला तबलजी आठवला. जेवायला व्हेगन चिली मिळाली. ती राजम्याची उसळ होती. मी फोडणीत जिऱ्याची कमी आहे असं सांगून आलो. झोप आयोजकांच्या खोलीत, जमिनीवर. किर्लोस्कर मंडळी निदान स्वतःचा आचारी घेऊन फिरत.

शनिवारी हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउलीत. रेपरबान नावाच्या रस्त्याभोवतीचा हा सगळा भाग दिव्यांचा, बारचा आणि उघड्यावाघड्या पाट्यांचा. बहिणीने मला का पाठवलं ते तिथे उतरल्यावर कळलं. आमच्या पोरांचा नंबर पहिला, सव्वानऊला ती मोकळीही झाली. पण ड्रम आणि फ्रिज मुख्य बँडला उसने दिलेले. ते 12 नंतर सुटणार. म्हणजे चिठ्ठी लागणार.

तोवर जरा पाय मोकळे करावे म्हणून मी एकटाच बाहेर पडलो आणि ग्रोसे फ्रायहाइट नावाच्या गल्लीत शिरलो. नावाचा अर्थ 'मोठी मोकळीक'. आज तो कोणालाही वेगळाच वाटेल. मूळची मोकळीक धर्माची होती. हॅम्बुर्गात मनाई असलेल्या कॅथलिकांना शेजारच्या आल्टोनात इथे उपासना करता येई. त्यांचं सेंट जोसेफ चर्च अजून त्या बारच्या रांगेत सभ्यपणे उभं आहे.

याच गल्लीत 64 क्रमांकाला इंद्रा नावाचा क्लब. इथे ऑगस्ट 1960 मध्ये लिव्हरपूलहून पाच पोरं आली. दहा माणसं कोंबलेल्या व्हॅनमधून, जी हार्विचच्या धक्क्यावर क्रेनने उचलून बोटीत ठेवावी लागली होती. त्यातला गिटारवाला जॉर्ज हॅरिसन तेव्हा 17 वर्षांचा. आईने स्कोन्सचा डबा दिलेला. आठवड्यातल्या मधल्या रात्री साडेचार तास आणि शनिवारी सहा तास वाजवायचं, आणि झोपायचं जवळच्या बांबी सिनेमाच्या पडद्यामागे, स्वच्छतागृहाला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोल्यांत. बीटल्स तिथे घडले असं जाणकार लिहितात. लिहोत. मी आपला त्या खोल्यांचा वास कसा असेल आणि पोरगं घरी पत्रात काय कळवत असेल, याच विचारात होतो.

सांक्ट पाउलीत तेव्हा 18 च्या आतल्यांना रात्री 10 नंतर थांबायची बंदी होती. जॉर्ज महिनोन् महिने पहाटेपर्यंत वाजवत राहिला. पुढे पोरांनी दुसऱ्या क्लबात जायचं ठरवलं, आणि नेमकं त्याच सुमारास पोलिसांना त्याचं वय कळलं. 21 नोव्हेंबर 1960 ला त्याची जर्मनीतून हकालपट्टी झाली. गिटार आणि सामान सांभाळत तो एकटाच रेल्वेने आणि बोटीने घरी गेला. मला वाईट वाटलं. बरोबर एखादा मामा असता, तर!

या विचाराने छाती फुगवून मी पावणेबाराला क्लबच्या दाराशी आलो. दारावरच्या धिप्पाड माणसाने चिठ्ठी पाहिली. बहिणीची सही, तिच्या ओळखपत्राची प्रत, सगळं यथासांग. मग त्याने माझ्यापुढे हात पसरला. "आउसवाइस?"

म्हणजे ओळखपत्र. माझा पासपोर्ट हरवू नये म्हणून बहिणीने तो आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवला होता.

मी टोपी काढून टक्कल दाखवलं. त्याने मान हलवली. चिठ्ठीतला सज्ञान माणूस तो मीच, हे सिद्ध होत नाही म्हणाला. 58 वर्षांच्या आयुष्यात माझ्या सज्ञानपणाबद्दल शंका अनेकांनी घेतली, पण लेखी पुरावा यानेच पहिल्यांदा मागितला. 12 च्या ठोक्याला भाचा जॅकेट चढवून बाहेर आला.

"मामा," तो एवढंच म्हणाला.

पदपथावर आम्ही दोघं चिवडा खात उभे राहिलो. तो फार चिडला होता. एक वाजता आतून ते काळं कपाट दारात आलं. एका बाजूला ड्रमर, दुसऱ्या बाजूला गिटारवाला, दोघांचे चेहरे लालबुंद. आम्हाला आत जायची बंदी होती, त्यामुळे जिन्यावरून हात लावायचा प्रश्नच नव्हता. भाच्याने माझ्याकडे बघितलं आणि डबा पुढे केला. राग गेला होता.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर ब्रेमेनला गाढवाचे दोन्ही पाय धरा, आणि हॅम्बुर्गला पासपोर्ट खिशात ठेवा. फ्रिज उचलायचा नसेल, तर मात्र घरीच ठेवा.