पोस्टडॉक ठेवणाऱ्या साहेबांस, कुरुंद्याहून

मा. प्रधान संशोधक साहेब,


जैववैद्यक आणि संगणकीय विज्ञानातली आपली पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जाहिरात थोरल्या पोरानं वाचून दाखवली. जागा तात्पुरती, मुदत एक वर्ष, काम पसंत पडलं तर पुढचं बघू, कायम नोकरीवर हक्क सांगायचा नाही. साहेब, अशा माणसाला आमच्याकडं सालगडी म्हणतात. फरक एवढाच, की पाडव्याला साल ठरलं की गड्याच्या हातावर उचल पडते. शिवाय त्याला कुणी ‘स्वखर्चानं मुलाखतीला ये’ म्हणत नाही. मालकच त्याच्या दारात जातो.

पगाराबद्दल तक्रार नाही. केंद्राच्या 2023 च्या दरानं नव्या रिसर्च असोसिएटला, म्हणजे अशाच पोस्टडॉकला, महिना 58 हजार. आमच्या भागात आकडा मोठाच. पण पैसे महिन्याच्या महिन्याला येतात का, असं विचारलं की पोरगा विषय बदलतो. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला खुल्या गटासाठी वयाची अट 35. पोराचं वय मोजायला आतापर्यंत पाहुणेरावळे होते, आता सरकारही आलं. मुलीकडचे मात्र एकच विचारतात, "परमनंट आहे का?"

तसं आपल्या विज्ञानाचं आणि आमच्या हळदीचं नातं जुनं. हळदीनं जखम भरते, हा शोध मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला लागला आणि 1995 साली त्याचं अमेरिकी पेटंटही मिळालं. आमच्या आज्यांनी तो जर्नलमध्ये छापला नव्हता, हा त्यांचाच निष्काळजीपणा. तेव्हा माशेलकर साहेब प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने पुरावे पुढं केले, तेव्हा कुठं 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं.

आता पोरगा संगणकावर हळदीतलं कुरकुमिन प्रथिनांशी जुळवून बघतो. ते सगळीकडं चिकटतं म्हणे: कॅन्सर, अल्झायमर, मधुमेह, सांगाल तिथं. 2017 साली अमेरिकेतल्या औषध-रसायनतज्ज्ञांनी बजावलं, की हे चिकटणं बऱ्याचदा फसवं असतं, कुरकुमिन शरीरात टिकत नाही आणि माणसांवरच्या कडक चाचण्यांत ते खरं उतरलेलं नाही. तोवर शोधनिबंध हजारांनी निघाले होते. हळदीचा भाव पडला, कुरकुमिनचा कधी पडला नाही.

शेजारच्या औंढा तालुक्यात, दुधाळ्याला, 2600 कोटींची लायगो वेधशाळा मंजूर आहे. कृष्णविवरांच्या टकरीची थरथर मोजायला आमचा हिंगोली जिल्हा चालतो, मग हळद तपासायलाही चालावा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं, वसमतलाच हरिद्रा संशोधन केंद्रही मंजूर झालं. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर तिच्यात नेमकं काय उरतं, हे तपासणाऱ्या पोस्टडॉकच्या दोन जागा तिथं निघाव्यात. आपण समित्यांवर असता, एवढा शब्द टाका. करार तीन वर्षांचा करा, पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ द्या आणि मुलाखतीला येणाऱ्याला एसटीचं भाडं तेवढं मिळू द्या.

आपला,
एक हळदवाला, कुरुंदा, ता. वसमत