साडेएकवीस गाड्या पाणी

आमच्या लोहाऱ्यात बोट म्हणजे हाताचं. दुसरी बोट गणिताच्या पुस्तकात भेटते, प्रवाहाच्या दिशेनं ताशी अमुक आणि प्रवाहाविरुद्ध ताशी तमुक जाणारी. मास्तरकी करताना ती मी फळ्यावरून कितीदा नेली-आणली असेल, पण आत बसायचा योग आला निवृत्तीनंतर. लेक-जावयानं फ्रान्समधल्या ल्यों शहरातून आठवडाभराच्या नदीसफरीची तिकिटं काढली आणि आम्हा दोघांना बोटीवर सोडून स्वतः कामाला गेले.

नदीचं नाव ऱ्होन. त्यातला र घशातून काढायचा, असं जावयानं बजावलं होतं. पहिल्या जेवणाला मी तो काढला, तर शेजारच्या बाईंनी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

बोट लागेल म्हणून आम्ही लिंबं, ओवा, आवळासुपारी असा सगळा दवाखाना बांधून आणला होता. पण ही बोट इतकी गुमान चालते, की एसटीच्या मागच्या बाकावर जन्म काढलेल्या पोटाला चैन पडेना. दोन्ही काठ कायम दिसतात. काठानं लोक सायकली मारतात आणि पुष्कळदा आपल्या पुढं निघून जातात.

पहिल्या रात्री हिनं केबिनमधला नळ सोडून पाहिला. पाणी आलं. लगेच दोन ग्लास, किटली आणि बर्फाची चकचकीत बादली काठोकाठ भरून झाली.

“अगं, आपल्या खाली सगळी नदी आहे.”

“ती काय प्यायची हाय? नळाचा काय भरवसा!”

नळाला पाणी आलं, की हातातलं काम टाकून धावायचं, यात चाळीस वर्षांचा संसार झालेला. सकाळी केबिन आवरायला आलेल्या पोरानं ते सगळं पाणी बेसिनात ओतून भांडी पुसून ठेवली. ही नुसती बघत राहिली. संध्याकाळी पुन्हा भरलं. सकाळी पुन्हा ओतलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून भांडण झालं नाही.

जेवणाचं फार सांगत नाही. दोन तास चालायचं आणि पोट भरायच्या आत संपायचं. एकदा निळी बुरशी धरलेलं चीज आलं. हिनं वाढप्याकडं कणवेनं पाहिलं. “फ्रीज बिघडला असंल बिचाऱ्यांचा.” मग रात्री केबिनमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. पहिली भाकरी मोडताच पलीकडून भिंतीवर टकटक झाली.

लोक द्राक्षमळे आणि किल्ले बघायला येतात. मला मात्र ओढ होती बोलेनच्या कुलूपदाराची. नदीला धरण आडवं असलं, की बोट एका लांबट हौदात शिरते, मागचं दार लागतं आणि पाणी सोडलं, की पाण्यासकट आपण खाली जातो. बोलेनचा हौद १९५२ सालचा. आमचं लोहारं तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. हौद १२ मीटर रुंद, बोट ११.४० मीटर. म्हणजे दोन्ही अंगांना शाळेतली एकेक फूटपट्टी बसेल एवढीच फट.

आमची पाळी रात्री दोनला आली. खिडकीतले दिवे गेले आणि काचेपुढं ओली, शेवाळलेली भिंत वर सरकायला लागली. हिनं खिडकी उघडून हात लावला. “गार हाय. आपल्या आडावानी.” मिनिटं गेली तरी भिंत संपेना. २३ मीटर उतरून समोरचं दार उघडलं तेव्हा ही म्हणाली, “ह्यातलं पाणी कुठं गेलं?”

“खालच्या अंगाला. तिथून समुद्रात.”

“सोडून दिलं?”

माकणीच्या धरणाचे दरवाजे उघडले, की आमच्याकडं लोक डबे घेऊन बघायला जातात. मी मेन्यूकार्डाच्या पाठीवर गणित मांडलं. लांबी १९५, रुंदी १२, उतार २३. पाच कोटी अडतीस लाख वीस हजार लिटर.

“बोटीची जागा वजा करा की.”

आर्किमिडीजला साक्षी ठेवून मी सांगितलं, की बोट तरंगतच खाली येते, तिची जागा तेवढीच राहते, वजा काही होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा हिनं माझं गणित ऐकून घेतलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, ५० वाघिणींच्या एका गाडीला २५ लाख लिटर. भागाकार आला साडेएकवीस.

“साडेएकवीस गाड्या,” ती अंधारात म्हणाली. “आपल्या दोघांना खाली उतरवायला.”

बोटीत आणखी शंभरावर माणसं होती. पण ती झोपलेली असल्यामुळं हिनं हिशेबात धरली नाहीत.

पुढं आव्हीन्यों लागलं. तिथला प्रसिद्ध पूल नदीच्या मध्यातच थांबतो. २२ कमानींपैकी चारच उरल्यात, बाकीच्या पुरांनी नेल्या. तरी वर जायला तिकीट आहे. अर्धवट पूल आम्ही गावाकडं फुकट पाहिलेत, म्हणून खालूनच नमस्कार केला.

शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये आलो, तर दोन्ही ग्लास भरलेले. किटली भरलेली. बर्फाची बादलीही काठोकाठ, आणि तिच्यावर उपडी बशी. पोरगा कधीच येऊन गेला होता.

हिनं बशी उचलून आत पाहिलं, पुन्हा होती तशी ठेवली.

“झाकून ठेवलंय,” म्हणाली. “चांगल्या घरचं दिसतंय.”