आम्ही आधीच म्हटले होते

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या आणि महायुती १७ वर अडकली. ४ जूनच्या दुपारी आम्हाला सगळे लख्ख दिसू लागले. कांद्याची निर्यातबंदी, मराठा आरक्षण, पक्षफोडीची चीड. मतदार सुज्ञ आहे, असे आम्ही ठणकावून लिहिले. हेच ३ जूनला का नाही लिहिले, असे काही खवचट वाचक विचारतात. त्यांच्या पत्रांना आम्ही जागेअभावी प्रसिद्धी देत नाही.

नोव्हेंबरात विधानसभा आली. महायुतीने २८८ पैकी २३० जागा नेल्या. पुन्हा लख्ख! लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार आणि समोर जागावाटपाचा घोळ, मग दुसरे काय व्हायचे होते? मधल्या पाच महिन्यांत कांदा कुठे गेला, हे आम्ही सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. 'मतदार सुज्ञ आहे' हे वाक्य मात्र जूनमधलेच उचलून वापरता आले.

खरे म्हणजे मतमोजणीच्या आदल्या रात्रीच दोन लेख तयार असतात. एका फाइलचे नाव 'आले', दुसरीचे 'गेले'. शेवटचा परिच्छेद दोन्हींत तोच: आता आत्मपरीक्षणाची वेळ आली आहे. ही वेळ नेहमी राजकीय पक्षांवरच येते. आमच्यावर ती आल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

ठणकावणे आमच्या परंपरेतच आहे म्हणा. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असे टिळकांनी 'केसरी'त १८९७ मध्ये विचारले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आम्हीही दर आठवड्याला कोणाचे ना कोणाचे डोके तपासतोच. आमचे फार तर मानधन रखडते. टिळक प्लेगवर लिहीत ते प्लेगच्या पुण्यात राहून. आम्ही मराठवाड्यातल्या दुष्काळावर कोथरूडमध्ये बसून लिहितो. अंतर राखले की दृष्टी तटस्थ राहते.

परवा उपसंपादकाचा फोन आला. "सर, सेमीकंडक्टरवर उद्यापर्यंत काही द्याल का?"

आम्ही एवढेच विचारले, "किती शब्द?"

"आठशे."

देतो म्हणालो. दोनशे मागितले असते, तर वाचावे लागले असते.