चोख बंदोबस्त

शेजारच्या चिरंजीवांनी जुन्या झेनला रुंद अलॉय, मागे शेपटी आणि म्हशीसारखा हंबरणारा सायलेन्सर बसवला. अशी लाजाळू वस्तू चोराच्या नजरेत भरणारच, म्हणून अलार्म आणि इमोबिलायझर. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिनाला ना पेट्रोल, ना ठिणगी. यंत्र एआरएआय-मान्य, त्यामुळे विम्याच्या ओन डॅमेज हप्त्यात अडीच टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. पणतवंडांच्या काळात किंमत वसूल.

बॉनेटवर मांजर बसली की सायरन. सोसायटी फक्त कूस बदलते. परवा रात्री तोच सायरन फाटकापर्यंत, मग चौकापर्यंत, मग पार दूर गेला. सगळ्यांना गाढ झोप लागली.

इमोबिलायझर मात्र शब्दाला जागला. चोरांना इंजिन काही सुरू करता आलं नाही; बिचाऱ्यांना क्रेन आणावी लागली.