टीसीएलचं पोतं उघडं टाकणाऱ्या महोदयांस

महोदय,

तुमचं अक्षर वळणदार आहे. पाणी शुद्धीकरणाच्या वहीत महिन्याच्या तिसही रकान्यांत ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहिलंय. एकाच पेनाने, एकाच बैठकीत. आमच्या आळीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले, तर ते जसंच्या तसं राहिलं. तुमच्या वहीतला पिवळा रंग पाण्यात का उतरत नाही?

उत्तर ग्रामपंचायतीच्या गळक्या खोलीत आहे. तिथे टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं तोंड वासून पडलंय. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल, ऊन, वारा लागला की तो उडून जातो. २० टक्क्यांखाली उतरलेली पावडर वापरायची नाही, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. त्या दिवसाचा भत्ता तर तुम्ही घेतलात.

मग कुणी तक्रार केली की तुमचा उत्साह पाहावा! नवं पोतं फोडून टाकीच्या झाकणातून कोरडी पावडर घमेल्याने ओतता. त्या दिवशी पाण्याला असा उग्र वास येतो की बायका हंडे घेऊन ओढ्यावर जातात. म्हणजे तुमचा आळसही गावाला घाण पाणी पाजतो आणि तुमची तत्परताही.

स्वच्छ दिसणाऱ्या १००० लिटर पाण्याला चांगली पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते. ५०,००० लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम, चहाच्या पावशेर पुड्याच्या निम्मी. प्लास्टिकच्या बादलीत ती थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी टाकीत, खालचा गाळ बाहेर. त्यानंतर किमान अर्धा तास नळ सोडायचा नाही, कारण जंतू मरायला वेळ लागतो. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून पावसाळ्यात मात्रा वाढते. ती पुरली की नाही, हे शेवटच्या घरच्या नळावरच कळतं. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. वाटेत पाइप गटारातून जातो. तिथल्या गळतीतून जे आत शिरतं, त्याच्याशी लढायला हा उरलेला क्लोरीनच असतो.

अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ साली सबंध शहराच्या पाण्यात रोज क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली. शतक उलटून गेलं, आणि तुम्हाला बादलीभर पाणी निवळायला सवड नाही. अशुद्ध पाण्यातून येणाऱ्या पटकीने धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. लहान मुलाचं तर विचारूच नका.

तुमचं मानधन तुटपुंजं आहे, तेही थकतं. त्यासाठी पंचायतीशी भांडा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. पण खोटी नोंद मात्र खपवून घेणार नाही.

आणि गावकऱ्यांनो, उद्यापासून ओटी चाचणी आपल्या दारात, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. वहीवर सही त्यानंतरच करू द्या.

शेवटच्या नळावरचा एक ग्रामस्थ