आधी वाजतंय काय ते सांग

इंग्रजी माणूस आवाजाच्या बाबतीत काटकसरी. कोरडं, कडक काहीतरी भराभर आपटायला लागलं की तो ‘रॅटल’ म्हणतो आणि मोकळा होतो. खिडकी हलली, रॅटल. बाळाच्या हातातलं खेळणं, तेही रॅटल. माणूस घाबरून गडबडला तर तो रॅटल झाला, आणि शेवटच्या घटकेला घशात जे वाजतं तेही रॅटलच!

हा शब्द रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सावर्ड्यात आला तो भाचीच्या अभ्यासातून. तिने आजीला अर्थ वाचून दाखवला: कडक वस्तू एकमेकींवर भराभर आपटून होणारा आवाज. आजीने अडकित्ता थांबवला. “अगो, पन वाजतंय काय, त्या सांग की आदी!”

आजी शाळेत फारशी गेली नाही, पण तिने मुद्दा नेमका धरला. मराठीत नुसता आवाज होतच नाही, तो कुणाचा तरी असावा लागतो. खिडकी खडखडते, दात कडकडतात, खिशातले पैसे खुळखुळतात. मुलगा पाढे म्हणतो ते घडाघडा. मरणाऱ्याला लागते ती घरघर, आणि ती आता माणसांपेक्षा सहकारी संस्थांना जास्त लागते. मोल्सवर्थसाहेबाने कॅण्डी बंधूंना हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात अशा वाजणाऱ्या शब्दांची नुसती दाटी आहे. एकेक उतरवून घेताना साहेबाचं डोकं किती भणभणलं असेल!

त्यातही ‘खडखड’ हे अजब घराणं. रोगी खडखडीत बरा होतो आणि त्याच दवाखान्याच्या बिलाने घरच्यांच्या खिशात खडखडाट होतो. एकाच कुळातले दोघे, एक पेढे वाटतो, दुसरा उधारी मागत हिंडतो. परक्या माणसाला हे कसं समजावणार?

पावसाळ्यात तर आवाजांना नावं शोधताना भाचीची खरी परीक्षा. कौलांवर पाऊस रपरप पडायचा, माणसं त्याखाली गप्पा मारायची, भांडायचीसुद्धा. आता गावोगाव कौलं उतरून पत्रे चढले. पत्र्यावरची सर ताडताड येते आणि घरातलं संभाषण तिथेच संपतं. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत नवराबायको खुणांवर. आमच्या शेजारच्या काकांच्या मते संसार सुखाचा होण्यामागे सिमेंटपेक्षा पत्र्याचा वाटा मोठा. (काकू पलीकडच्या खोलीत होत्या, पाऊस जोरात होता, म्हणून ते एवढं बोलले.) पत्र्याच्या मांडवात जुलैमध्ये बैठक घ्यावी, सगळे ठराव एकमताने मंजूर होतात.

रेल्वेने मात्र आमची फसवणूक केली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, त्यावर आमचंही सावर्डे स्टेशन आहे. गाडी म्हटली की रुळांच्या सांध्यांवर ठेका धरणारी, अशी आमची समजूत. पण इथले रूळ लांबच लांब जोडून टाकलेले. सांधेच कमी, ठेका कुठून येणार? गाडी धडधडत येते आणि हूं करून जाते. २०२२मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं, तेव्हा डिझेल इंजिनाची घुरघुरही कमी झाली. आणि गावातली पोरं अजून एकमेकांचे सदरे धरून ‘झुकझुक’ करत पळतात. वाफेचं इंजिन ज्या मार्गावर नियमित कधी धावलंच नाही, तिथे ही झुकझुक टिकून आहे. भाषेचं वेळापत्रक रेल्वेपेक्षाही मागे असतं, दुसरं काय.

शेवटी भाचीने पुस्तकातलं चित्र पुढे केलं: शेपूट वाजवणारा अमेरिकेतला रॅटलस्नेक. आजीने चष्मा पुसला. “हात्तिच्या! ह्यापरास आपला फुरसा बरा.” त्यात तथ्य आहे. फुरसं एवढंसं, फार तर दोनेक फुटांचं. त्याला शेपटीत खुळखुळा नाही. ते अंगाची वेटोळी करतं आणि करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून फुसफुसल्यासारखा कोरडा आवाज काढतं. रत्नागिरी जिल्ह्यात ते इतकं माजलं होतं की इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात ते मारायला इनाम लावलं होतं. आज तसं करू नये, कायदा आडवा येतो.

तेव्हा वाचकहो, जांभ्याच्या गडग्याजवळ फुरशाचा हा आवाज आला तर त्याला मराठीत काय म्हणतात हे ठरवत उभे राहू नका, चार पावलं मागे व्हा. चावलंच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते.